तोंडचा घास

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मध्यंतरी दोघातिघांनी फोन करून "बरा आहेस ना?" असं विचारलं. धाकटीनं तर सरळच विचारलं, "दादा, रिटायर झाल्यावर माणसाला वेळ मिळतो म्हणतात, तुझा कमी कसा काय झाला?" तिचं बरोबर आहे. माझा वेळ हल्ली सगळा टाकीसमोर जातो. आणि आज जे लिहायचं आहे तेही टाकीबद्दलच आहे, पण नुसतं टाकीबद्दल नाही. धाकटे, तू हे शेवटपर्यंत वाच. तुझाही संबंध आहे.

तर मंडळी, नवीन आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमचे चिरंजीव पुण्याहून बुलडाण्याला घरी आले आणि इथूनच ऑफिसचं काम करू लागले. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून कंटाळलेल्या मुलाला काहीतरी नाद हवा होता. त्यानं 2021 मध्ये समोरच्या खोलीत सहा फुटी काचेची टाकी उभी केली. सहाशे लिटर पाणी. खाली लोखंडी स्टँड, वेल्डिंगवाल्याकडून खास करून घेतलेला. तळाला बारीक वाळू, तीही बांधकामाच्या वाळूतून चाळून घेतलेली. (चाळणी आमच्या हिची, मैद्याची. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.) आणि मग पुण्याच्या एका हौशी माणसाकडून प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून आणलेले सहा मासे त्यात सोडले. सहाही सारखेच, चंदेरी, बोटाएवढे. मी म्हटलं, अरे एवढ्या पैशात निदान रंगीत तरी आणायचे! तो म्हणाला, "बाबा, थांबा दोन वर्षं."

2022 मध्ये त्याला ऑफिसनं परत पुण्याला बोलावलं. तो गेला, टाकी राहिली. त्याच वर्षी मी निवृत्त झालो. म्हणजे हा वारसा उलट्या दिशेनं आला म्हणायचा, मुलाकडून बापाकडे :)

या माशांना फेदरफिन सिक्लिड म्हणतात. सिक्लिड हे माशांचं एक मोठं घराणं आहे. कोकणात आणि गोव्यात खातात ती काळुंदर याच घराण्यातली, आणि आपल्याकडच्या धरणांत सापडणारा तिलापियाही यातलाच. तिलापिया मूळचा आफ्रिकेचा, 1952 साली भारतात आणला गेला. आमचे मासेही आफ्रिकेतलेच, टांगानिका तळ्यातले. तळं म्हणायचं आपलं, लांबी साडेसहाशे किलोमीटरच्या वर आणि खोली जवळजवळ दीड किलोमीटर. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया असे चार देश त्याच्या काठावर आहेत. यांचं शास्त्रीय नाव सायाथोफॅरिंक्स फर्सिफर. हे नाव पाठ करायला मला आठवडा लागला. फर्सिफर म्हणजे काटा बाळगणारा. शेपटी दुभंगलेली असते, म्हणून.

गंमत म्हणजे त्या तळ्याचं पाणी जड आणि अल्कधर्मी, सामू नऊच्या आसपास. आमच्या बोअरचं पाणी असं जड की त्यात डाळ शिजत नाही आणि गिझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते. ज्या पाण्याला आम्ही पंचवीस वर्षं नावं ठेवली, ते या पाहुण्यांना मानवलं. चिरंजीवांनी बाटलीतले थेंब टाकून तपासलं आणि म्हणाला, "बाबा, पुण्यात लोक क्षार विकत आणून पाण्यात टाकतात. आपल्याला फुकट."

पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बुलडाणा घाटावर, हवा थंड, सगळं खरं. पण पावसानं ओढ दिली की येळगावच्या धरणाकडे डोळे लावून बसावं लागतं. अशा गावात सहाशे लिटर पाणी शोभेला अडकवून ठेवायचं आणि दर आठवड्याला त्यातलं एकशेवीस लिटर, म्हणजे आठ घागरी, बदलायचं, याची मला पहिल्यापासून लाज वाटत आली आहे. माझं सगळं लहानपण घाटाखाली, जळगाव जामोदच्या बाजूला गेलं. तिकडच्या खारपाणपट्ट्यातली माणसं पाण्याची किंमत जाणतात. म्हणून नियम केला. टाकीतून काढलेला एक थेंबही नालीत जाणार नाही. ते पाणी लिंबाला, कढीपत्त्याला आणि शेजारच्यांच्या वांग्यांना जातं. माशांच्या विष्ठेचं खत त्यात असतंच. शेजारीण आता स्वतःच बादली घेऊन विचारायला येते, "भाऊजी, पाणी बदलायचा वार कोणता?"

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

2023 च्या पावसाळ्यात सहापैकी एका माशानं रंग बदलायला सुरुवात केली. आधी पाठीवर निळसर झाक, मग अंगभर. उजेड पडेल तसा निळा, हिरवा, क्षणात जांभळा. मोराच्या मानेचा रंग ज्यांनी उन्हात पाहिला असेल त्यांना कल्पना येईल. पोटाखालचे दोन पर वाढत वाढत पार शेपटीच्या दिशेनं गेले, लांब दोऱ्यांसारखे, आणि टोकाला पिवळे ठिपके. बाकीचे पाच चंदेरीच राहिले. त्यात माद्या होत्या, आणि एखादा नरही असावा, पण एका टाकीत एकच राजा. दुसरा नर दबून राहतो, रंग दाखवत नाही, मादीसारखाच दिसत राहतो. ऑफिसात मी हे अनेक वर्षं पाहिलं आहे :)

मग राजेसाहेबांनी बांधकाम काढलं. तोंडात वाळू भरायची, हातभर लांब जायचं, थुंकायची, परत यायचं. दिवसभर हेच. फिल्टरच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही, पण मला उगाच पाटी-फावड्याचा आवाज यायचा. चारपाच दिवसांत वाळूत एक गोल खड्डा तयार झाला, परातीएवढा, कडा सगळीकडून सारख्या उचललेल्या. मध्ये एखादा खडा पडलेला त्याला चालत नाही. गोगलगाय चढली तर तीही उचलून बाहेर. त्यांच्या तळ्यात असे शेकडो नर आपापले खड्डे राखून असतात म्हणे.

आई तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली होती. (आता कायमचीच आहे.) तिनं चष्मा लावून टाकीत पाहिलं आणि म्हणाली, "मायबाई, हे त लोणार झालं!"

खरंच की. आमच्या जिल्ह्यात कोणालाही गोल खड्डा दाखवला तर लोणारच आठवणार. उल्का पडून काळ्या बसाल्ट खडकात झालेलं पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, मध्ये खारं पाणी. तेव्हापासून आमच्या घरात त्या खड्ड्याचं नाव लोणार पडलं ते पडलंच.

आता हा खड्डा म्हणजे घरटं का? तर नाही. तिथे पिल्लं वाढत नाहीत. तो नुसता मांडव. मादीला तिथे बोलवायचं, समोर थरथरायचं, पर पसरून दाखवायचे. ती आली तर खड्ड्याच्या मध्यावर गोल गोल फिरत एकेक दोनदोन अंडी टाकते, आणि टाकल्या टाकल्या वळून तोंडात घेते. नर तिच्यापुढे ते लांब पर वाळूवर पसरतो. टोकाचे पिवळे ठिपके अंड्यांसारखे दिसतात. ती ते अंडं समजून टिपायला जाते, आणि त्याच वेळी नराचं बीज तिच्या तोंडात जातं. अंडी तोंडातच फळतात. फसवणूक म्हणा, युक्ती म्हणा. पण एवढं झालं की नराचा संसार संपला. तो पुढच्या मादीची वाट पाहायला मोकळा. पुढचे तीन आठवडे सगळं काही त्या मादीच्या तोंडात.

तोंडात का? तर अंडी वाळूवर सोडली तर पाच मिनिटं टिकायची नाहीत, इतके खाणारे भोवती. तरीही सुटका नाहीच. त्याच तळ्यात एक मांजरमासा आहे, तो सिक्लिड मादी अंडी टाकत असताना मध्येच घुसून आपली अंडी टाकून जातो. ती बिचारी तीही उचलते. त्याची पिल्लं आत आधी फुटतात आणि तिच्या पिल्लांना खातात. आपल्याकडे कावळ्याच्या घरट्यात कोकिळा घालते, त्यातलाच प्रकार. आमच्या टाकीत तो मासा नाही. आमच्या टाकीत मी होतो.

जानेवारी 2024. एका सकाळी मी पाहिलं की एका मादीची हनुवटी खाली लोंबते आहे, गळ्याशी पिशवी भरल्यासारखी. तोंड घट्ट मिटलेलं. मधूनच गाल हलायचे, आत चूळ भरल्यासारखे. ती अंडी आत घोळवत असते म्हणजे सगळ्यांना वारा लागतो. बाकीचे खायला धावले तरी ही कोपऱ्यात दगडाआड. मी चिरंजीवांना फोन केला. तो इतका आनंदला की आम्ही अर्धा तास बोललो. तो पुण्याला गेल्यापासून आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं. शेवटी त्यानं दोनदा बजावलं, "बाबा, काही करायचं नाही. हात घालायचा नाही. तिला त्रास झाला तर ती सगळं थुंकून देईल, नाहीतर गिळून टाकेल. पहिलटकरीण आहे."

मी कॅलेंडरवर दिवस मांडले. एक, दोन, तीन... आमची ही म्हणाली, सुनेच्या वेळीही एवढे मोजू नका म्हणजे झालं. आई दुपारी दिवाणावर बसून टाकीकडे पाहत बसायची. तिला टीव्हीपेक्षा हे बरं वाटायचं.

पंधराव्या का सोळाव्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे खाणं टाकलं, स्पिरुलिनाच्या बारीक गोळ्या. आणि ती मादी दगडाआडून बाहेर आली. आली आणि तिनं चक्क एक गोळी टिपली. मग दुसरी. तोंड हलतं आहे, चावते आहे!

माझ्या पोटात खड्डा पडला. पंधरा दिवस तोंड मिटून बसलेली ही खायला लागली, म्हणजे आतलं संपलं. गिळली हिनं पिल्लं. पहिलटकरणी गिळतात असं मी वाचलेलं होतंच. आणि खरं सांगतो, मला तिचा राग आला. एका माशाचा. वाटलं, भूक आवरली नाही हिला.

चिरंजीवांना फोन लावला, तो मीटिंगमध्ये. मग मी जाळी काढली. म्हटलं एकदा पकडून तोंडात पाहू तरी, काही उरली असतील तर वेगळी काढू. आई दिवाणावरून म्हणाली, "काय करून रायला रे?"

"आई, तिनं पिल्लं खाल्ली. खाऊन रायली पाय."

"उगी राय ना बाप्पा. थे खाऊन नाही रायली. चावून रायली."

"आई, तुले माशातलं काय समजते?"

हे मी म्हणालो. जसंच्या तसं लिहितो आहे, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

पुढचं पाच मिनिटांत झालं. सहा फुटी टाकीत मासा पकडणं सोपं नाही. मी दगड उचलले, दोन जाळ्या घातल्या, लोणार उद्ध्वस्त केलं, पाणी गढूळ झालं. ती काचेला धडका देऊ लागली. आणि एका धडकेसरशी तिचं तोंड उघडलं. त्यातून पाचसहा पिल्लं बाहेर आली. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, दोन काळे डोळे, पोटाशी बलकाची अगदी थोडी पिवळी गाठ उरलेली. जिवंत होती. पोहत होती. मला काही सुचायच्या आत बाकीच्या माशांनी ती टिपली. त्यात राजेसाहेबही होते.

मी जाळ्या बाहेर काढल्या. कोपरापर्यंत भिजलेला तसाच उभा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गळा सपाट होता.

चिरंजीवांचा फोन संध्याकाळी आला. मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, ती पिल्लांना भरवत होती." 1991 साली यानागिसावा आणि ओची या दोन जपानी संशोधकांनी याच जातीच्या माशांवर निबंध लिहून ठेवला आहे. पिल्लं तोंडात असतानाच ही मादी खायला लागते, स्वतःसाठीही आणि आतल्या पिल्लांसाठीही. पोटाशी बांधून आणलेली बलकाची शिदोरी संपत आली की पिल्लांना भूक लागते, पण बाहेर पडण्याइतकी ती मोठी झालेली नसतात. मग आई घास घेते आणि पिल्लं तिच्या तोंडातच जेवतात. आईनं घेतलेला घास आईच्याच तोंडात. मी ज्याला खादाडपणा समजलो, ते भरवणं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आणि माशामुळे नाही आली असं म्हणता येणार नाही.

1972 चा दुष्काळ. मी आठ वर्षांचा, तिसरीत. धाकटी सातआठ महिन्यांची. दादा म्हणजे आमचे वडील काम शोधायला बाहेर गेलेले, घरात आजी, आई आणि आम्ही दोघं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. धाकटीला झोळीत घालून बरोबर न्यायची. घरात तांबड्या मिलोची भाकरी, तीही पुरायची नाही. कामावर सुकडी मिळायची. ती आई पदरात बांधून घरी आणायची आणि मला द्यायची. शाळा सुटली की मी रस्त्याकडे डोळे लावून बसायचो. आईकडे नाही हो, पदराच्या गाठीकडे.

एक दिवस आई आली, पदराला गाठ नव्हती. काही मिळालं नाही म्हणाली आणि धाकटीला घेऊन आत गेली. मी थोड्या वेळानं आत डोकावलो. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे गाल हलत होते. चावत होती.

मी धावत आजीकडे गेलो. "आजी, माय एकटीच खाऊन रायली!"

आजीचा स्वभाव तिखट. तिनं आईला बाहेर बोलावलं आणि शेजारपाजारच्या बायांसमोर नाही नाही ते बोलली. पोरगं उपाशी अन् तू कोपऱ्यात बसून गिळतं? आई खाली मान घालून उभी. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, बोलेल कशी, चोरी पकडली गेली आहे. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. आठ वर्षांच्या मुलाला वाटतं तसं.

तो प्रसंग नंतर मी कधी कोणाला सांगितला नाही. मोठा झाल्यावर कधीतरी मनात आलं की असेल, तिलाही भूक असेलच ना, दिवसभर खडी फोडलेली. असं म्हणून मी तिला मोठ्या मनानं माफ करून टाकलं होतं. हसू नका. पन्नास वर्षं मी माझ्या आईला एका गोष्टीसाठी माफ केलेलं होतं.

सकाळी मी तिच्यासाठी दुधात भाकरी कुस्करत होतो. तिच्या दाढा गेल्या आता, कवळी तिला नको वाटते. मी विचारलं, "आई, दुष्काळात धाकटीले तू काय खाऊ घालत होती?"

"सुकडी."

"थे त कोरडी राहे. तिले दात कुठं होते?"

"मंग? चावून द्यायची मी." वाटीतला घास तोंडात घोळवत ती म्हणाली. "आंगावर दूध नव्हतं राह्यलं. मंग काय करते मानूस?"

(आताचे डॉक्टर असं चावून भरवायला नको म्हणतात, जंतू जातात म्हणून. बरोबरच आहे ते. पण तेव्हा घरात त्या पोरीसाठी दुसरं काही नव्हतं.)

मी तिला तो दिवस सांगितला. मी दारातून पाहिलं, आजीला जाऊन सांगितलं, आजी सगळ्यांसमोर बोलली. आई ऐकत होती. म्हणाली, "मले नाही आठवत बा."

"तू तेव्हा बोलली काहून नाही? सांगायचं ना, लेकराले चावून रायली म्हून."

तिनं वाटी खाली ठेवली. टाकीकडे पाहत म्हणाली, "तोंडात घास असला का बोलता येते का रे?"

मग ती देवपूजेला उठली. तिला खरंच आठवत नव्हतं की नव्हतं सांगायचं, हे मी पुन्हा विचारलं नाही. मी त्या वाटीशी बराच वेळ बसून होतो.

धाकटे, ही गोष्ट तुला ठाऊक नव्हती, मला खात्री आहे. त्या दिवशी पदराला गाठ नव्हती कारण असेल नसेल ते थोडंसं तोंडात ठेवून ती घरापर्यंत चालत आली होती, असं मला आता वाटतं. यातलं किती खरं आणि किती माझ्या मनाचं, ते फक्त तिला माहीत.

आता टाकीची पुढची हकीगत. नरानं तीन दिवसांत लोणार पुन्हा बांधलं. त्याच जागी, त्याच मापाचं. ती मादी मात्र कित्येक महिने त्याच्याकडे फिरकली नाही. मी पाणी बदलत राहिलो, शेजारणीची वांगी वाढत राहिली. उन्हाळ्यात वीज जायची तेव्हा हवेचा पंप इन्व्हर्टरवर घेतला आणि आम्ही पंखा बंद करून बसलो. (आमच्या हिचं यावरचं मत वेगळं आहे.)

सप्टेंबरमध्ये, गणपती बसले त्या आठवड्यात, तिची हनुवटी पुन्हा उतरली. या वेळी मी जाळ्या माळ्यावर टाकल्या आणि शिडी शेजारच्यांकडे ठेवून आलो. कॅलेंडरवर खुणा केल्या नाहीत. दोन आठवडे उलटले आणि एक दिवस ती दगडाआडून बाहेर आली. मी गोळ्या नखानं आणखी बारीक करून टाकल्या. तिनं एक टिपली. गाल हलू लागले. आई आणि मी शेजारी शेजारी बसून पाहत होतो. हात माझे मांडीखाली. खरंच मांडीखाली, विनोद नाही.

"चावून रायली," मी म्हणालो.

"हं," आई म्हणाली.

पुढे आठवड्याभरानं एका पहाटे मी दिवा लावला तर दगडाच्या खाचेपाशी काहीतरी हललं. पिल्लं. सेंटीमीटरभर लांब, थेट आईच्या आकाराची, शेपटीची दुभंगही ओळखू येणारी. आई थोडी दूर, तोंड रिकामं, हाडं दिसत होती गालांची. तीन आठवड्यांत ती एवढी वाळली होती. मी गोळी टाकली तर अशी काही तुटून पडली की बस. खा बाई. आता तुझं तू खा.

चिरंजीवांना व्हिडिओ कॉल लावला. तो पुण्यात अंथरुणातूनच ओरडला, "किती आहेत बाबा? मोजा ना!" मी काचेला नाक लावून मोजायला लागलो. एक, दोन, तीन... ती दगडाआड जायची, परत यायची, पुन्हा पहिल्यापासून. आई तोवर उठून मागे येऊन उभी राहिली होती.

"लेकरं मोजू नाही," ती म्हणाली. "नजर लागते."

म्हणून इथे आकडा लिहीत नाही. दिवाळीत या, आणि पाहून घ्या.